फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला अन् आईचं कुंकूच गेलं – मदत हवी

पऱ्हाटीवाला

मंडळी, नमस्कार. मी राळेगाव तालुक्यातला. धंदा शेतीचा, फोटोचा नाद हौसेपुरता. एक अडचण घेऊन आलो आहे. हसायचं असेल तर हसा, पण आधी उपाय सांगा.

आमच्या बैठकीत आबा-आजीचा लग्नानंतर लगेचचा फोटो आहे, वर्ध्याच्या एका स्टुडिओत काढलेला. आबा खुर्चीवर, आजी बाजूला उभी, मागे रंगवलेला पडदा. कडा पिवळ्या पडल्यात, एका कोपऱ्याला कसर लागली आहे, पण आजीच्या कपाळावरचं रुपयाएवढं काळंभोर कुंकू अजून ठसठशीत आहे. त्या फोटोच्या बाजूचा खिळा कित्येक वर्षं रिकामा आहे.

यंदा सीतादहीच्या दिवशी आईचा एक फोटो बरा साधला. (बाहेरच्यांसाठी: कापसाचा पहिला वेचा सुरू करायच्या आधी वावरात पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, ती सीतादही.) एरवी वेचणीला आई लुगड्यावर बाबांचा जुना फुलशर्ट चढवते आणि डोक्याला दुपट्टा गुंडाळते. त्या दिवशी मात्र नवं लाल लुगडं, कपाळभर कुंकू, ओटीत पहिला कापूस, मागे छातीएवढी पऱ्हाटी (कापसाची झाडं) आणि संध्याकाळचं ऊन. ठरवलं, हाच त्या खिळ्यावर लावायचा. आजीच्या शेजारी रंगीत बरा दिसणार नाही म्हणून ब्लॅक अँड व्हाइट.

मोबाईलवर स्नॅपसीडमध्ये घेतला. नुसतं ब्लॅक अँड व्हाइट केलं तर लाल लुगडं आणि हिरवी पऱ्हाटी एकाच राखाडी रंगाची. आई पऱ्हाटीतच उगवल्यासारखी! तोंड, हात आणि कापूस तेवढे वेगळे. मग रंगांच्या गोळ्या दिसल्या, त्यातली लाल दाबली. वा! लुगडं उजळलं, पऱ्हाटी काळी पडली, आभाळ गडद झालं, चेहरा तर एकदम खुलला. त्याच खुशीत तालुक्याला जाऊन बारा बाय अठराची प्रिंट काढून आणली.

आईने पाहिली, काही बोलली नाही. बाबांनी चष्मा लावला, प्रिंट जवळ नेली, लांब नेली आणि म्हणाले, "काऊन रे, मी अजून जिता हाये ना?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. कपाळ कोरं! मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर मला दिसलंच नव्हतं. प्रिंट आता कपाटामागे उलटी ठेवली आहे. रंगीत मूळ फाइल शाबूत आहे. जुना लॅपटॉप आहे, त्यावर गिंप हे फोटो सुधारायचं फुकट सॉफ्टवेअर चालतं. फोटोशॉप नाही. काय करू?

मृगबहार

अरे बाप्पा! बाबाचं बोलणं वाचून पोट धरून हासलो, मंग वाईटबी वाटलं. भाऊ, थे लाल गोळी दाबली ना तू, तिथंच घात झाला. पोळ्याले आमच्या ढवळ्याचे शिंगं हिंगुळानं लालभडक केले होते. मीबी फोटोले लालच दाबलं. शिंगं असे पांढरेफटक निंगाले का शेजारचा म्हणे, "औंदा चुना लावला का बे?" पण असं काऊन होते थे मले नाई सांगता येत. अभियंता साहेब येतीन आता.

बिनकामाचा_अभियंता

आलो, आलो.

पऱ्हाटीवाला, तू व्यनितून (खासगी निरोपातून) व्हॉट्सॅप नंबर मागून पाठवलेली फाइल उघडली. (डॉक्युमेंट म्हणून पाठवलीस हे फार बरं केलंस. व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून पाठवली असतीस तर ती पुन्हा दाबून बारीक झाली असती.) आता हे बघ. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे असतात: लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५. ब्लॅक अँड व्हाइट करणं म्हणजे या तिघांचा मिळून एक आकडा करणं. कुणाचं किती घ्यायचं हे कुणीतरी ठरवतंच. तू नाही ठरवलंस तर सॉफ्टवेअर ठरवतं.

सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सूत्र असं: लालचे ०.२९९, हिरव्याचे ०.५८७ आणि निळ्याचे ०.११४. डोळ्याला हिरवा उजळ वाटतो आणि निळा अंधारा, म्हणून ही अशी वाटणी. हे सूत्र मूळचं टीव्हीवाल्यांचं. रंगीत कार्यक्रम जुन्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवरही दिसावा म्हणून अमेरिकेत १९५३ मध्ये ते ठरलं. १९८२ च्या एशियाडला आपल्याकडे दूरदर्शन रंगीत झालं, तेव्हा गावातल्या डब्बा टीव्हीवर तेच खेळ राखाडीत दिसत होते ते याच हिशोबाने.

आता तुझ्या फोटोत ठिकठिकाणी कलर पिकर लावून घेतलेले आकडे:

लुगडं: लाल १९०, हिरवा ४०, निळा ४५. सूत्राने ८५.
पऱ्हाटीचं पान: ७०, १००, ४५. सूत्राने तेही ८५!
आईचं कपाळ: १५०, १००, ७५. सूत्राने ११२.
कुंकू: १८०, २०, ३०. सूत्राने ६९.

लुगडं आणि पान डोळ्याला एकमेकांच्या विरुद्ध टोकाचे, पण हिशोबात दोघांची बेरीज एकच. म्हणून आई पऱ्हाटीत विरघळली. मग तू लाल गोळी दाबलीस. त्याचा अर्थ, हिरवा-निळा सोडा आणि फक्त लालचा आकडा घ्या. (अ‍ॅपमध्ये अगदी शंभर टक्के तसं नसेल, पण कल तोच.) आता लुगडं १९०, पान ७०. झकास. पण कपाळ १५० आणि कुंकू १८०. जे कुंकू कपाळापेक्षा गडद होतं ते उलट किंचित उजळ झालं. उन्हाने चमकणाऱ्या कपाळावर एवढा फरक कुठे दिसतो? गेलं मिसळून.

मृगबहारच्या बैलाची शिंगं तशीच पांढरी झाली. तुझी लाल गोळी म्हणजे लेन्सपुढे लावायच्या लाल काचेची, लाल फिल्टरची, नक्कल. या लाल फिल्टरचं एक मोठं नाव म्हणजे अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स. त्याने १९२७ मध्ये योसेमिटीच्या हाफ डोम कड्यासमोर आधी पिवळा फिल्टर लावून एक फोटो घेतला, मग गडद लाल फिल्टर लावून दुसरा. दुसऱ्यात निळं आभाळ जवळजवळ काळं झालं आणि कडा अंगावर आला. पण कड्याला कुंकू नसतं.

गिंपमध्ये 'कलर्स'मधल्या 'डीसॅच्युरेट'च्या वाटेला सध्या जाऊ नकोस. त्यातही पाच पर्याय आहेत आणि त्यातला 'लाइटनेस' तर शुद्ध लाल, शुद्ध हिरवा आणि शुद्ध निळा तिघांनाही एकच राखाडी देतो. त्याऐवजी 'कलर्स', मग 'कंपोनंट्स', मग 'मोनो मिक्सर'. तिथे तीन आकडे तुझ्या हातात येतात. तिघांची बेरीज एकच्या आसपास ठेव, नाहीतर फोटो भाजतो किंवा काळवंडतो. कुंकवासाठी हिरवा वाढवून बघ.

डार्करूम_काका

मी तालुक्याच्या गावी तीस वर्षं स्टुडिओ चालवला, आता मुलगा चालवतो. आजीच्या कुंकवाबद्दल दोन शब्द.

सुरुवातीला फिल्मऐवजी रसायन लावलेल्या काचा असत, त्यांना फक्त निळा-जांभळा प्रकाश कळायचा. १८७३ मध्ये बर्लिनच्या हर्मान फोगेल यांना असं सापडलं की रसायनात ठरावीक रंगद्रव्य मिसळलं तर हिरवा-पिवळाही उमटतो. त्यातून जी फिल्म आली ती ऑर्थो. तिलाही लाल रंग दिसत नाही. दिसत नाही म्हणजे काय, तर फोटोत तो काळा येतो. म्हणून जुन्या फोटोतल्या बायकांचं कुंकू काळं, ओठ काळे, लाल काठ काळे. डार्करूममध्ये आमचा लाल दिवा जळत असे तोही त्याच कारणाने, कागदाला लाल कळत नाही. सगळे रंग ओळखणाऱ्या पॅन्क्रोमॅटिक काचा १९०६ पासून विकत मिळू लागल्या, पण पोर्ट्रेटसाठी ऑर्थो त्यानंतरही पुष्कळ वर्षं वापरात होती.

माझ्या काळात मात्र स्टुडिओत सर्रास पॅन फिल्म. ओर्वोचा रोल, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' कागद. आणि लाइट कुठले? पाचशे वॅटचे पिवळे बल्ब. त्या बल्बमध्ये लाल प्रकाश भरपूर, फिल्मला लाल दिसतो, म्हणजे कुंकू फिकं. पऱ्हाटीवाल्यांची जी तक्रार आहे ती मी दर लग्नसराईत ऐकली आहे. नवऱ्या मुलीची आई प्रिंट परत करायची, "कुंकू कुठं हाये?" मग आम्ही शून्य नंबरचा ब्रश घ्यायचो, टोक जिभेवर ओलं करायचो, काळ्या शाईत बुडवायचो आणि प्रिंटवर कुंकू लावायचो. या हाताने मी तालुक्यातल्या किती बायांना कुंकू लावलं असेल त्याचा हिशोब नाही. आमची बायको यावरून मला अजून टोमणे मारते.

तेव्हा आजींच्या फोटोतलं कुंकू इतकं काळंभोर आहे ते दोनपैकी एका कारणाने: फिल्म ऑर्थो असेल किंवा कुणा तरी माझ्यासारख्याने ब्रश फिरवला असेल. फोटो तिरपा करून उजेडात धरा. कुंकवाची जागा बाकी कागदापेक्षा मॅट दिसली तर ती शाई समजा.

तिखट_भिवापुरी

विषय छान चाललाय, पण एक विचारू? मुळात ब्लॅक अँड व्हाइट कशाला? आमच्या भागाचा फोटो म्हटला की ब्लॅक अँड व्हाइट, भेगाळलेली जमीन आणि कपाळाला हात लावून बसलेला म्हातारा. शहरातून कॅमेरा घेऊन आलेला प्रत्येक जण इथला रंग आधी काढून घेतो, मग फोटो घेतो. आमच्या अंगणात मिरची वाळत घातलेली असते तेव्हा डोळे दिपतात हो. ती राखाडी केली तर काय उरलं, कोळसा? लाल लुगडं, हिरवी पऱ्हाटी, पांढरा कापूस असा फोटो मिळालाय आणि तुम्ही त्यातला रंग काढायला निघालात.

मृगबहार

तिखटताईले +१. पण भाऊच्या घरचा खिळा हाये, आपला थोडीच.

पऱ्हाटीवाला

तिखटताई, तुमचं म्हणणं मनापासून पटलं. गरिबी दाखवायला म्हणून मी हे करत नाही. रंगीत प्रिंटही काढली आहे, ती आईच्या ट्रंकेत आहे. पण आजीच्या शेजारी दोघी सासू-सुना एका जातीच्या दिसाव्यात एवढंच मनात आहे.

आणि काका, तुम्ही म्हणालात तसा फोटो खाली उतरवून तिरपा धरला. शाईच आहे! ब्रशाचा फराटा दिसतो. आजी बाजूला बाजेवर बसून होती. आजी आता चौऱ्याऐंशीची आहे, आबा जाऊन अकरा वर्षं झाली. तिला विचारलं, तुझं कुंकू स्टुडिओवाल्याने नंतर काढलं होतं का गं? म्हणाली, "मले काय माहीत बापा." मग थोड्या वेळाने कपाटामागची प्रिंट तिनेच ओढून काढली. बराच वेळ पाहिली. "माह्यं पुसलं थे पुसलं, हिचं काऊन पुसून रायले तुमी?"

त्यामुळे आता हे काम नीट झालंच पाहिजे.

मोनो मिक्सर उघडला. हिरवा पूर्ण १, बाकी दोन शून्य केले. कुंकू एकदम कोळशासारखं काळं आलं, लुगडंही काळं, पान उजळ. पण आता आईचा चेहराच पानांत हरवला!

बिनकामाचा_अभियंता

हरवणारच, वरचे आकडे बघ. हिरव्यात कपाळ १०० आणि पानही १००. एकीकडे भोक बुजवलं की दुसरीकडे पडतं. एका मिक्सरने चारही गोष्टी सुटणार नाहीत, कारण एका गणितात सगळ्यांना बसवायचं आहे. दोन गणितं कर.

मूळ रंगीत लेयरच्या (थराच्या) एकावर एक दोन प्रती काढ. खालच्या प्रतीवर लालकडे झुकलेला मिक्सर लाव, पऱ्हाटी आणि लुगडं वेगळं करायला. वरच्या प्रतीवर लाल ०.२, हिरवा ०.८, निळा शून्य. त्यात कपाळ ११० आणि कुंकू ५२ येतं, चांगलं दुपटीचं अंतर. मग वरच्या लेयरला काळा मास्क जोड, म्हणजे तो पूर्ण झाकला जाईल. मऊ कडेचा ब्रश घे, पांढरा रंग घे आणि फक्त चेहऱ्यावरून फिरव. जिथे पांढरं लावशील तिथे वरचा लेयर उघडा पडेल. मागची पानं खालच्या लेयरमधली ७० आणि चेहरा वरचा ११०. सगळे सुटे.

केसांच्या कडेला आणि पदराच्या काठाला सावकाश जा. ब्रशची अपारदर्शकता तीस-चाळीस टक्के ठेवून दोन-तीनदा फिरवलंस तर जोड कळत नाही. मोबाईलवरच करायचं असेल तर स्नॅपसीडमध्ये 'व्ह्यू एडिट्स'मध्ये जाऊन केलेला बदल बोटाने हवा तिथेच रंगवता येतो, तोही मास्कच. पण बोट जाड आणि कपाळ लहान, म्हणून लॅपटॉपच बरा.

निळ्याच्या वाटेला का पाठवत नाही तेही सांगतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर चार खिडक्यांमागे दोन हिरव्या, एक लाल, एक निळी असते. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांची ही मांडणी, १९७६ च्या पेटंटमधली. संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात निळा प्रकाश आधीच कमी, त्यामुळे निळ्या चॅनलमध्ये दाणेच दाणे येतात. त्यात जेपेग फाइल रंगाची माहिती बऱ्याचदा अर्धी-पाव करून ठेवते. निळा ताणलास की गालावर चौकोन दिसायला लागतील.

संत्राबर्फी

मला एक वेगळीच गोष्ट टोचली. पऱ्हाटीवाला पहिल्याच पोस्टमध्ये म्हणतात, लाल दाबल्यावर "चेहरा तर एकदम खुलला". खुलला म्हणजे गोरा झाला, असंच ना? आपल्या त्वचेतून लाल प्रकाश सगळ्यात जास्त परत येतो, म्हणून लाल फिल्टर लावला की कुणीही उजळ दिसतं. डाग, सुरकुत्या, उन्हाचा रापलेपणा सगळं धुतलं जातं. ब्यूटी मोडचा आजोबाच म्हणा. कुंकवाबरोबर आईंच्या चेहऱ्यावरची चाळीस वर्षांची वेचणीही पुसली गेली, त्याबद्दल घरात कुणी बोललं नाही. आता हिरवा ०.८ लावल्यावर चेहरा सावळा आणि खरबरीत दिसेल. तो तसाच राहू द्या, घाबरून परत उजळवू नका.

डार्करूम_काका

ताई, बरोबर बोललात, पण आमची बाजूही ऐका. गिऱ्हाईक दारात पाय ठेवायच्या आधी म्हणायचं, "जरा उजळ काढा." मुलीच्या स्थळासाठीचा फोटो असला तर बापच हळू आवाजात सांगायचा. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून आम्ही देवीचे वण बुजवले, डोळ्यांखालची काळी वर्तुळं बुजवली. निगेटिव्ह काळी केली की प्रिंट उजळ येते, सगळा कारभार उलटा. पोटासाठी केलं, खोटं कशाला बोलू? पण शेतात काढलेल्या फोटोला तो रंधा मारू नये हे खरं.

पऱ्हाटीवाला

संत्राबर्फीताई, तुम्ही पकडलंत मला. खुलला म्हणजे गोराच झाला होता.

मास्क जमला. तीन संध्याकाळी लागल्या, कारण आमच्याकडे लाइन रात्री येते आणि रात्री वावराला पाणी द्यायला जावं लागतं. चेहरा आता आईचा दिसतो. गालावरची विळ्याची जुनी खूणसुद्धा दिसते. तीही आधी गेली होती.

धानपट्टा

मी भंडाऱ्याकडचा. धागा वाचून पोटात गोळा आला. भावाच्या हळदीचे सगळे फोटो मी कॅमेऱ्यातच मोनोक्रोम ठेवून काढलेत, स्टाइल म्हणून. नवरदेवाच्या अंगाला हळद लावली आहे की राख फासली आहे ते कळत नाही. काही होईल का?

बिनकामाचा_अभियंता

जेपेगच काढलेत ना? मग नाही होणार. कॅमेऱ्याने तिथल्या तिथे सूत्र लावून रंग फेकून दिले. पिवळ्यात लाल आणि हिरवा दोन्ही भरपूर, निळा जवळजवळ नाही, म्हणून नेहमीच्या सूत्रात हळद जवळजवळ पांढरी येते आणि गव्हाळ कातडीवर राखेसारखी दिसते. रॉ फाइल (सेन्सरची कच्ची माहिती) असती तर पडद्यावर मोनोक्रोम दिसूनही आत रंग शिल्लक राहिले असते. निळा वाढवून आणि लाल-हिरवा कमी करून हळद गडद करता आली असती. पुढच्या लग्नाला रॉ अधिक जेपेग ठेव. पडद्यावर ब्लॅक अँड व्हाइट बघायचं सुख मिळतं आणि रंगही जात नाहीत.

मृगबहार

म्हंजे भावाचं दुसरं लगन करा लागते आता.

धानपट्टा

वहिनीला दाखवतो तुझा प्रतिसाद, थांब.

डार्करूम_काका

पऱ्हाटीवाले, पुन्हा प्रिंटला जायच्या आधी ऐका. लॅबचा कागद रंगीत असतो. त्यात काळी शाई नसते, निळसर, गुलाबी आणि पिवळा असे तीन थर मिळून राखाडी तयार होतो. मशीनचा तोल जरा ढळला की ब्लॅक अँड व्हाइट फोटो शेवाळी नाहीतर गुलाबी निघतो. आधी चार बाय सहाची एक नमुना प्रिंट काढा आणि ती दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नको, दाराबाहेर उजेडात पहा. मशीनवरचं ऑटो करेक्शन बंद करायला सांगा. तरीही झाक आली तर फोटोला आपणच थोडी तपकिरी छटा द्या. ठरवून दिलेल्या छटेत मशीनची झाक लपते आणि आजींच्या पिवळ्या पडलेल्या फोटोशी मेळही बसेल.

पऱ्हाटीवाला

काका, तसंच केलं. पहिली नमुना प्रिंट खरंच शेवाळी आली. हलकी तपकिरी छटा दिली, दुसरी मस्त आली. मोठी काढायच्या आधी यावेळी घरच्यांना दाखवायचं ठरवलं. बाबांनी चष्मा लावला आणि फक्त "हां" म्हणाले. आमच्याकडे ही फार मोठी दाद आहे.

आईने मात्र ओटीवर बोट ठेवलं. "कापूस हाये का चुना?" पाहिलं तर खरंच, कापूस म्हणजे नुसता पांढरा डाग. धागा नाही, सावली नाही. वेचणारीलाच दिसणार ते. आता हे काय?

बिनकामाचा_अभियंता

खालच्या लेयरला लाल किती दिलास?

पऱ्हाटीवाला

१.२. निळा वजा ०.२. आभाळ छान गडद येत होतं म्हणून.

बिनकामाचा_अभियंता

मग कापूस जळणारच. संध्याकाळच्या उन्हातला कापूस पांढरा नसतो, पिवळसर असतो. तुझ्या फाइलमध्ये तो २४५, २२५, १८० आहे. २४५ गुणिले १.२ म्हणजे २९४, त्यातून निळ्याचे ३६ गेले, उरले २५८. वरची हद्द २५५ ची. सगळी बोंडं एकाच पांढऱ्यात जाऊन आदळली. धागा आणि सावल्या हिरव्यात शिल्लक आहेत, निळ्यातही आहेत. चेहऱ्यासाठी जो लेयर केलास त्याच्याच मास्कवर ओटीपाशीही पांढरा ब्रश फिरव. तिथे कापूस २२९ येईल, तुपासारखा. आणि १.२ चा लाल १ वर आण, वजा निळा काढून टाक. आभाळाचा मोह आवर.

तिखट_भिवापुरी

आईंना या धाग्याचं सदस्य करून घ्या. एका बोटात जे सापडलं ते आपल्याला आठवडाभर सापडलं नाही.

पऱ्हाटीवाला

झालं. काल मोठी प्रिंट आणली, फ्रेम बसवली. कुंकू काळं आहे, लुगडं उजळ, पऱ्हाटी मागे सरकली, कापसाचा धागा दिसतो. आजीला दाखवली तर तिने आधी स्वतःच्या फोटोकडे पाहिलं, मग आईच्या, आणि पदराने आईच्या फोटोची काच पुसली.

फ्रेम लावली खिळ्यावर, तर आईचा फोटो आजीच्या फोटोपेक्षा चार बोटं वर गेला. आई म्हणते, सासूच्या वर मी लटकणार नाही, खाली घे. खाली घ्यायचं तर नवा खिळा ठोकावा लागतो, आणि भिंत मातीची. दोनदा ठोकला, दोनदा पोपडा पडला. बाबा म्हणतात सागाची खुंटी ठोक. कुणाला अनुभव आहे का?

मृगबहार

खुंटी ठोकाच्या आंधी भोकात शेणमातीचा गारा भर अन् दोन दिवस सुकू दे. घाई केली तं सासू-सून दोघीबी खाली येतीन.